ऑर्डरचा स्क्रीन रोज दुपारी ४ ते ५ अडकतो : वेट इव्हेंट वाचताना कुठे चुकते आहे?

सायंतारा (धागाकर्ती)

नमस्कार. आमच्याकडे ऑर्डर नोंदवण्याची प्रणाली ओरॅकल १९सी या डेटाबेसवर चालते. सर्व्हरला १६ कोअर आहेत. गेले तीन आठवडे दुपारचे चार वाजले की ऑर्डर जतन करणाऱ्यांचे फोन सुरू होतात. एरवी सेकंदाच्या आत जतन होणाऱ्या ऑर्डरला त्या तासात कधी वीस, कधी चाळीस सेकंद लागतात. त्याच माणसाची पुढची ऑर्डर मात्र लगेच जाते. पाच वाजून गेले की कोणी काहीही न करता सगळे सुरळीत होते.

कालच्या चार ते पाच या तासाचा एडब्ल्यूआर अहवाल (वेळ कुठे गेला याचा डेटाबेसने स्वतः ठेवलेला गोषवारा) काढला. डीबी टाइम, म्हणजे सर्व सेशनांचा (डेटाबेसशी असलेल्या जोडण्यांचा) काम आणि थांबे मिळून गेलेला वेळ, १८,००० सेकंद. थांबा ज्या कारणाचा, त्याचे नाव म्हणजे वेट इव्हेंट. त्यातील ४८ टक्के 'डीबी फाइल सीक्वेन्शियल रीड', ३१ टक्के सीपीयू, ९ टक्के 'एन्क्यू: टीएक्स - रो लॉक कन्टेन्शन' (दुसऱ्याने धरून ठेवलेल्या ओळीसाठी थांबणे), ४ टक्के 'लॉग फाइल सिंक' (कमिट, म्हणजे बदल कायम होण्यासाठी थांबणे) आणि उरलेले किरकोळ. पहिल्याच ओळीत जवळजवळ निम्मा वेळ डिस्क वाचण्यात गेलेला दिसल्यामुळे बैठकीत सर्वांचे बोट स्टोरेजकडे गेले आणि नव्या डिस्कचा खर्च मांडण्याचे काम माझ्याकडे आले. मलाही ते पटले होते, कारण व्ही$सेशन (चालू सेशनांची यादी) पाहताना एका सेशनसमोर हाच इव्हेंट आणि सेकंड्स_इन_वेट या रकान्यात १२ हा आकडा मी स्वतः पाहिला. एक ब्लॉक वाचायला १२ सेकंद लागत असतील, तर डिस्क बिघडली आहे असेच म्हणावे लागेल. स्टोरेज सांभाळणारे सहकारी मात्र त्यांच्या बाजूचे आलेख दाखवून सांगतात की एका वाचनाला एक मिलिसेकंदही लागत नाही. दोन्ही आकडे एकाच वेळी खरे कसे असू शकतील, हे मला उलगडत नाही. खर्चाचा कागद पुढे जाण्याआधी जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

रात्रपाळी

दोन्ही आकडे खरे आहेत. ज्या ओळीत तुम्हाला १२ दिसले, त्या ओळीतील स्टेट या रकान्यात काय होते? माझा अंदाज आहे की तिथे 'वेटेड शॉर्ट टाइम' किंवा 'वेटेड नोन टाइम' असे असेल.

व्ही$सेशन वाचताना सर्वाधिक लोक इथेच घसरतात, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. इव्हेंट या रकान्यातले नाव हे सेशन आत्ता कशासाठी थांबले आहे ते सांगते, पण केवळ स्टेट 'वेटिंग' असेल तेव्हाच. स्टेटमध्ये दुसरे काहीही असेल, तर तो थांबा संपलेला आहे, सेशन पुढे निघून सीपीयूवर काम करते आहे, आणि रकान्यात उरले आहे ते शेवटच्या थांब्याचे नाव. अशा वेळी सेकंड्स_इन_वेट हा आकडा तो शेवटचा थांबा सुरू झाल्यापासून लोटलेला काळ दाखवतो. म्हणजे तुमच्या त्या सेशनने एक ब्लॉक चुटकीसरशी वाचला आणि नंतरचे १२ सेकंद एकदाही न थांबता सीपीयू वापरला. डिस्कची तक्रार म्हणून तुम्ही जो पुरावा मानलात, तो प्रत्यक्षात त्या सेशनला डिस्कची गरजच पडत नव्हती याचा पुरावा आहे. आधी स्टेट वाचावे, मगच इव्हेंट.

आता एडब्ल्यूआरकडे. टक्के बाजूला ठेवून प्रत्येक इव्हेंटचे दोन आकडे द्या : एकूण किती वेळा थांबावे लागले आणि एका थांब्याची सरासरी किती.

सायंतारा

स्टेट तपासले नव्हते. आज तीच क्वेरी पुन्हा चालवली. ते सेशन एका अहवालाचे आहे आणि स्टेट 'वेटेड शॉर्ट टाइम' असेच दिसते. मनापासून आभार.

मागितलेले आकडे : सीक्वेन्शियल रीड १ कोटी ४४ लाख वेळा, सरासरी ०.६ मिलिसेकंद. रो लॉक ५४ वेळा, सरासरी ३० सेकंद. लॉग फाइल सिंकची सरासरी २ मिलिसेकंदांच्या आत आहे.

स्थिरबिंदू

मला यात बफर कॅश (वाचलेले ब्लॉक मेमरीत ठेवण्याची जागा) अपुरी दिसते. इतकी वाचने डिस्कपर्यंत जात असतील तर हिट रेशो नक्कीच घसरलेला असणार. आमच्याकडे अशा वेळी प्रथम कॅश वाढवतात आणि रेशो ९९ टक्क्यांच्या वर नेतात. मेमरी शिल्लक असेल तर हा उपाय डिस्कपेक्षा स्वस्त आहे.

रात्रपाळी

स्थिरबिंदू, तुमच्या सूचनेमागचा हेतू समजतो; तरीही मी तिला स्पष्ट विरोध करतो, कारण हिट रेशोला वेळेचे एककच नाही. शंभरातली नव्व्याण्णव वाचने मेमरीतून झाली, एवढेच तो सांगतो. ती वाचने करण्याची गरज होती का आणि त्यांच्यासाठी कोण किती ताटकळले, या दोन प्रश्नांवर तो मूक असतो. एखादी वाईट क्वेरी तेच ब्लॉक मेमरीतून कोट्यवधी वेळा वाचत राहिली तर रेशो उत्तम दिसतो आणि सर्व्हर मात्र सीपीयू जाळत बसतो. १९९२ मध्ये ओरॅकल ७ बरोबर थांब्यांची नोंद डेटाबेसमध्येच होऊ लागली, त्याआधी असे रेशो पाहण्यावाचून फारसा इलाज नव्हता. आज सेशनचा वेळ कुठे गेला हे थेट विचारता येते, तेव्हा अप्रत्यक्ष खुणांवर खर्चाचे निर्णय सोडू नयेत.

सायंतारा, तुमच्या आकड्यांकडे पाहा. ०.६ मिलिसेकंद ही सरासरी उत्तम आहे. डिस्क दुप्पट वेगवान आणली तरी ज्याची ऑर्डर चाळीस सेकंद अडकते, त्याचे किती सेकंद वाचतील हे यातून कळत नाही, कारण ती १ कोटी ४४ लाख वाचने त्याच्यासाठी झाली होती का, हेच आपण अजून विचारलेले नाही. उलट रो लॉकची ओळ पाहा : फक्त ५४ थांबे, पण प्रत्येकी ३० सेकंद. फोन करणारी माणसे याच ५४ थांब्यांत असावीत, असा मला दाट संशय आहे. टक्केवारी संपूर्ण डेटाबेसच्या वेळेवर काढलेली असते. तक्रार करणाऱ्याच्या वेळेवर ती काढली, तर क्रम पार बदलू शकतो.

आज पाच वाजल्यानंतर लगेच व्ही$ॲक्टिव्ह_सेशन_हिस्टरी, म्हणजे ॲश, मॉड्यूलनुसार (ॲप्लिकेशनच्या भागानुसार) गटवून पाहा. लगेच अशासाठी की त्यात दर सेकंदाचा नमुना असतो, पण तो मेमरीत असल्यामुळे मागचा भाग पुसला जातो. डिस्कवर उतरणाऱ्या इतिहासात दहा नमुन्यांतला एकच टिकतो. प्रत्येक नमुना साधारण एक सेकंद धरला की नुसती मोजणी हाच वेळेचा हिशेब होतो. त्यात सेशन_स्टेट हा रकाना आहे. 'ऑन सीपीयू' आणि 'वेटिंग' वेगळे ठेवा, म्हणजे कालचा घोटाळा पुन्हा होणार नाही.

कोरा_कागद

मी या क्षेत्रात नवीन आहे. डिस्कवरून सलग वाचन होते त्याला सीक्वेन्शियल म्हणत असतील असे मला वाटले होते, पण वर एकेका ब्लॉकचा उल्लेख आहे. कृपया समजावून सांगावे.

मूळशोध

नाव फसवे आहे, तुमचा गोंधळ स्वाभाविक आहे. 'डीबी फाइल सीक्वेन्शियल रीड' म्हणजे बहुतेक वेळा एकच ब्लॉक वाचणे. इंडेक्सच्या पानावरून टेबलातल्या एका ओळीकडे जाताना हेच दिसते. 'डीबी फाइल स्कॅटर्ड रीड' म्हणजे अनेक लगतचे ब्लॉक एका दमात वाचणे. ते मेमरीतल्या विखुरलेल्या बफरांत ठेवले जातात म्हणून स्कॅटर्ड. नाव डिस्कवरच्या मांडणीवरून न पडता मेमरीतल्या मांडणीवरून पडले आहे, हे लक्षात ठेवले की पुरते. ११जी पासून मोठ्या टेबलांचे संपूर्ण वाचन पुष्कळदा बफर कॅशला वळसा घालून होते, तेव्हा 'डायरेक्ट पाथ रीड' दिसते. प्रत्येक थांब्यासोबत पी१, पी२, पी३ असे तीन आकडे मिळतात. या वाचनांसाठी ते अनुक्रमे फाइल क्रमांक, ब्लॉक क्रमांक आणि ब्लॉकांची संख्या असे असतात. तिसरा आकडा १ असेल तर तुम्ही एकेका ब्लॉकच्या वाचनाकडे पाहत आहात.

सायंतारा

आजचा तासही साधारण कालसारखाच गेला. गटवारी केली आणि अर्धा तास त्या आकड्यांकडे पाहत राहिले.

सीक्वेन्शियल रीडचे सुमारे ८,३०० नमुने आणि सीपीयूचे सुमारे ४,९०० नमुने एकाच मॉड्यूलचे आहेत : दिवसअखेरीच्या साठ्याचा अहवाल. तो चार वाजता चार समांतर जॉबमध्ये सुरू होतो आणि पाचच्या सुमारास संपतो. त्याची वाट पाहत कोणी बसलेले नसते, तो रात्री वाचला जातो. ऑर्डरच्या मॉड्यूलचे एकूण नमुने केवळ २,३०० च्या आसपास आहेत आणि त्यांतले १,६११ रो लॉकचे. म्हणजे जी ओळ संपूर्ण डेटाबेसच्या हिशेबात ९ टक्के होती, ती ऑर्डर नोंदवणाऱ्यांच्या हिशेबात ७० टक्के आहे. ऑर्डरच्या मॉड्यूलमध्ये डिस्कवाचनाचे नमुने शंभरसुद्धा भरत नाहीत. डिस्कचा प्रस्ताव मी आजच थांबवायला सांगितला आहे.

मात्र एका ठिकाणी अडले आहे. रो लॉकच्या नमुन्यांत ब्लॉकिंग_सेशन या रकान्यात अडवणाऱ्या सेशनचा क्रमांक येतो, पण तो क्रमांक घेऊन ॲशमध्ये शोधले तर त्या काळात त्या सेशनची एकही नोंद सापडत नाही. जे सेशन तीस सेकंद दुसऱ्याला अडवून ठेवते, ते कुठेच दिसू नये हे कसे?

मूळशोध

तुम्ही नेमक्या जागी पोचला आहात. ॲश फक्त सक्रिय सेशनांचा नमुना घेते. सीपीयूवर असलेली किंवा निष्क्रिय वर्गात न मोडणाऱ्या इव्हेंटसाठी थांबलेली. अडवणाऱ्याची नोंद नसणे हीच माहिती आहे : त्या काळात ते सेशन डेटाबेसमध्ये काहीही करत नव्हते. लॉक हातात, ट्रान्झॅक्शन (कमिट होईपर्यंतचे एकसंध काम) उघडे, आणि पुढच्या आज्ञेसाठी ॲप्लिकेशनची वाट पाहणे चालू. डेटाबेसच्या लेखी त्याचा थांबा 'एसक्यूएल*नेट मेसेज फ्रॉम क्लायंट' असतो. त्याला आपण निष्क्रिय म्हणून प्रत्येक अहवालातून वगळतो, आणि एरवी ते योग्यच आहे.

आता हे जिवंत पकडावे लागेल. उद्या चार वाजता दर दोन सेकंदांनी व्ही$सेशनमधून अडकलेली सेशने घ्या आणि त्यांच्या फायनल_ब्लॉकिंग_सेशन या रकान्यावरून साखळीच्या अगदी टोकाचे सेशन गाठा. तिघे-चौघे एकामागे एक अडकले असतील तर मधल्याला दोष देण्यात अर्थ नाही. टोकाच्या सेशनचे पुढील तपशील नोंदवा : स्टेटस, लास्ट_कॉल_ईटी (निष्क्रिय होऊन किती सेकंद झाले), प्रीव्ह_एसक्यूएल_आयडी (शेवटची आज्ञा), आणि टॅडर (ट्रान्झॅक्शनचा पत्ता) या रकान्यावरून व्ही$ट्रान्झॅक्शन जोडून ट्रान्झॅक्शन सुरू झाल्याची वेळ. अडकलेल्या सेशनकडून पी१ आणि रो_वेट हे नाव असलेले चार रकाने घ्या. त्यांतून नेमकी कोणती ओळ ते ठरवता येते.

कोरा_कागद

आमच्याकडे डायग्नॉस्टिक्स पॅकचा परवाना नाही. मग ॲश वापरता येत नाही असे ऐकले आहे, ते खरे का?

रात्रपाळी

खरे आहे. ॲश आणि एडब्ल्यूआर दोन्ही त्या पॅकमध्ये मोडतात, आणि नुसती क्वेरी चालवणे हासुद्धा वापरच धरला जातो, म्हणून परवाना नसताना हात लावू नका. एडब्ल्यूआरसारखाच गोषवारा देणारे स्टॅट्सपॅक मोफत आहे. शिवाय व्ही$सेशनचा नमुना दर सेकंदाला स्वतःच्या टेबलात साठवणारी छोटी प्रक्रिया लिहायला एक दुपार पुरते. तनेल पोडर यांची स्नॅपर ही स्क्रिप्ट डेटाबेसमध्ये काहीही न बसवता हेच काम करते. स्वतःचा नमुना घेण्यात एक मोठा लाभ आहे : सक्रिय सेशनांसोबत ज्यांचे ट्रान्झॅक्शन उघडे आहे अशी निष्क्रिय सेशनेही साठवता येतात. सायंताराला जे सेशन सापडले नाही, ते अशा टेबलात सापडले असते. परवाना असूनही मी असे टेबल ठेवतो.

हत्तीमित्र

पोस्टग्रेस हा डेटाबेस वापरणाऱ्यांसाठी थोडे लिहितो, कारण हाच आजार तिथे वेगळ्या नावाने भेटतो. पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटीमध्ये वेट_इव्हेंट_टाइप आणि वेट_इव्हेंट हे रकाने २०१६ च्या ९.६ आवृत्तीपासून आहेत. त्याआधी फक्त 'वेटिंग' असा होय-नाही रकाना होता आणि तोही लॉकपुरता. स्टेट 'ॲक्टिव्ह' आणि वेट_इव्हेंट रिकामा असेल, तर ते सेशन बहुधा सीपीयूवर आहे असे धरावे. वर वर्णन केलेले सेशन तिथे 'आयडल इन ट्रान्झॅक्शन' या स्थितीत, क्लायंटरीड या इव्हेंटवर दिसते. ज्याला अडवले आहे त्याच्यासमोर लॉक हा प्रकार आणि ट्रान्झॅक्शनआयडी हा इव्हेंट असतो. कोण कोणाला अडवते हे पीजी_ब्लॉकिंग_पिड्स हे फंक्शन सांगते. लॉग_लॉक_वेट्स चालू केले, तर डेडलॉक_टाइमआउटपेक्षा, म्हणजे मूळ सेटिंगप्रमाणे एका सेकंदापेक्षा, लांबलेले लॉकचे थांबे लॉगमध्ये उमटतात. एसक्यूएल सर्व्हरमध्ये असे सेशन 'स्लीपिंग' दिसते, पण त्याचा ओपन_ट्रान्झॅक्शन_काउंट शून्य नसतो.

पोस्टग्रेसमध्ये आयडल_इन_ट्रान्झॅक्शन_सेशन_टाइमआउट लावून अशी सेशने तोडता येतात. मी ते लावतोच. पण ज्यांचे सेशन तुटेल त्यांना चूक दिसेल आणि मूळ कारण ॲप्लिकेशनमध्ये तसेच राहील, हे ठाऊक असू द्यावे. ओरॅकलमधील तशाच मॅक्स_आयडल_ब्लॉकर_टाइम या सेटिंगचे एकक मिनिट आहे, त्यामुळे तीस सेकंदांच्या अडवणुकीला ते उपयोगी पडणार नाही.

सायंतारा

आज चार ते पाच समोर बसून नोंदी घेतल्या. क्रमाने लिहिते.

अडकलेल्या प्रत्येक सेशनचा पी१ हा १४१५०५३३१८ होता. याचा अर्थ मला लावता आला नाही. रो_वेटच्या रकान्यांवरून ओळ शोधली, तर सर्व वेळा एकच ओळ निघाली : क्रमांक-मालिकेच्या टेबलातली 'ऑर्डर' या मालिकेची ओळ. टोकाचे सेशन प्रत्येक वेळी इनॲक्टिव्ह होते आणि त्याची शेवटची आज्ञा त्याच ओळीवरचा अपडेट, म्हणजे पुढचा ऑर्डर क्रमांक घेण्याचा. एक गोष्ट मात्र विलक्षण वाटली. लास्ट_कॉल_ईटी हा आकडा दोन-दोनने वाढत जाई आणि ३० च्या आसपास पोचला की लॉक सुटे. सहा वेळा पाहिले. सहाही वेळा सुटका तिथेच झाली, चाळीस किंवा पन्नासपर्यंत एकदाही आकडा गेला नाही. लॉक सुटला की रांगेतले पुढचे सेशन टोकाचे होई आणि काही वेळा त्याचीही तीसपर्यंतची चढण सुरू होई.

मूळशोध

पी१ सोळाच्या पायात लिहा : ५४५८०००६. त्यातील ५४ आणि ५८ ही टी आणि एक्स या अक्षरांची आस्की संकेतचिन्हे आहेत आणि शेवटचा ६ हा मागितलेल्या लॉकचा प्रकार. सहा म्हणजे दुसऱ्याने बदललेली नेमकी तीच ओळ हवी आहे. इथे ४ आला असता तर शोध वेगळ्या वाटेने न्यावा लागला असता. दोघांनी एकच युनिक की घालणे, बिटमॅप इंडेक्स, अशा गोष्टी तपासाव्या लागल्या असत्या.

तीसचा आकडा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. डिस्क, सीपीयू, नेटवर्क यांच्यामुळे लागणारा वेळ कमी-जास्त होत राहतो. पुन्हा पुन्हा त्याच गोल आकड्यावर सुटका होत असेल, तर कोणीतरी कोडमध्ये किंवा सेटिंगमध्ये तो आकडा लिहून ठेवलेला असतो. ऑर्डर क्रमांक घेतल्यानंतर आणि कमिटच्या आधी ॲप्लिकेशन बाहेरच्या कोणत्या सेवेला हाक मारते का, आणि तिची टाइमआउट मर्यादा ३० सेकंद आहे का, हे ज्यांनी तो कोड लिहिला त्यांना विचारा. विचारताना ओळ, क्रमांक, वेळा असा सगळा तक्ता समोर ठेवा. 'डेटाबेस म्हणतो तुमची चूक आहे' अशा सुरुवातीने ही चर्चा पुढे जात नाही.

सायंतारा

तक्ता घेऊन गेले आणि वीस मिनिटांत उलगडा झाला. ऑर्डर जतन करताना ट्रान्झॅक्शन सुरू होते, मालिकेतून क्रमांक घेतला जातो, मग माल केव्हा पोचेल ती तारीख मिळवण्यासाठी वाहतूकदाराच्या वेबसेवेला हाक जाते, उत्तर आले की ऑर्डरच्या ओळी घातल्या जातात आणि शेवटी कमिट होते. सेवेची टाइमआउट मर्यादा ३० सेकंदच आहे. सेवेच्या हाकांची नोंद आमच्याच ॲप्लिकेशनच्या लॉगमध्ये होती : चार ते पाच या वेळेत तिची उत्तरे रेंगाळतात, काही येतच नाहीत, आणि मर्यादा संपली की ऑर्डर तारखेविना जतन होते. अहवाल चार वाजता सुरू होणे हा केवळ योगायोग होता. तो योगायोग नसता, तर पहिल्याच दिवशी डिस्ककडे बोट गेले नसते.

मूळशोधनी लिहिल्याप्रमाणे या काळात डेटाबेस त्या सेशनला निष्क्रिय म्हणत होता, पण ज्याने ती ऑर्डर भरली तो माणूस तीस सेकंद स्क्रीनसमोर बसून होता आणि त्याचा हा वेळ आमच्या कोणत्याही अहवालात नव्हता. एडब्ल्यूआरमध्ये दिसत होते ते फक्त त्याच्यामागे अडकलेले. हे माझ्या मनाला फार लागले.

आता उपायाबद्दल मत हवे आहे. विकसक म्हणतात, मालिकेचे टेबल काढून सीक्वेन्स (डेटाबेसची स्वतःची क्रमांक देण्याची सोय) वापरू. लेखापाल म्हणतात, क्रमांकांत खंड चालणार नाही.

रात्रपाळी

लेखापालांची अट खरी असेल तर सीक्वेन्स बसणार नाही. रोलबॅक झाला, म्हणजे ट्रान्झॅक्शन रद्द झाले, की घेतलेला क्रमांक वाया जातो, आणि कॅश केलेले क्रमांक, मूळ सेटिंगप्रमाणे २०, डेटाबेस अचानक बंद पडल्यास हरवतात. ही अट ऑर्डरला खरोखर लागू आहे की फक्त बिलाला, हे एकदा लेखी विचारून घ्या. पुष्कळदा ती बिलापुरतीच निघते.

अट कायम राहिली तरी क्रम बदलून काम होईल. आधी वेबसेवेला हाक, तीही ट्रान्झॅक्शनच्या बाहेर. मग ऑर्डरच्या ओळी. आणि क्रमांक अगदी शेवटी, कमिटच्या लगेच आधी. मग ती ओळ तीस सेकंदांऐवजी काही मिलिसेकंदच अडलेली राहील. सेवा रेंगाळली तरी मागचे अडकणार नाहीत, पण स्वतः ऑर्डर भरणारा अडकेलच. त्यासाठी सेवेची मर्यादा ३० वरून २-३ सेकंदांवर आणा आणि तारीख नंतर भरण्याची सोय ठेवा. नाहीतरी मर्यादा संपल्यावर आज ऑर्डर तारखेविनाच जतन होते आहे.

स्थिरबिंदू

धागा सुरुवातीपासून वाचला. कॅश वाढवली असती तर अहवाल थोडा लवकर संपला असता आणि ऑर्डरचे फोन तसेच चालू राहिले असते, हे आता पटले. एक शंका राहते : त्या अहवालाची १ कोटी ४४ लाख वाचने तशीच सोडायची का? तो काही निर्दोष दिसत नाही.

मूळशोध

सोडू नयेत, मात्र त्यांना वेगळा आजार म्हणून हाताळावे. सायंतारा, त्या क्वेरीला गॅदर_प्लॅन_स्टॅटिस्टिक्स ही सूचना देऊन ती एकदा चालवा आणि डीबीएमएस_एक्सप्लॅनच्या डिस्प्ले_कर्सरमधून 'ऑलस्टॅट्स लास्ट' या स्वरूपात प्लॅन (क्वेरी कोणत्या पायऱ्यांनी चालली ते) काढा. ई-रोज म्हणजे ऑप्टिमायझरचा (प्लॅन ठरवणाऱ्या भागाचा) अंदाज, ए-रोज म्हणजे प्रत्यक्षात आलेल्या ओळी. अंदाजाची ओळ एका फेरीपुरती असते, म्हणून तुलना करण्याआधी तिला स्टार्ट्सच्या आकड्याने गुणा. जिथे प्रथम मोठी तफावत दिसेल, तिथे थांबा; त्यापुढच्या तफावती बहुधा तिच्याच पोटातून आलेल्या असतात.

सायंतारा

दोन्ही गोष्टींचा वृत्तांत देते. खंड नसण्याची अट बिलापुरतीच निघाली, तरीही आम्ही टेबल तूर्त ठेवले आणि क्रम बदलला. सेवेची मर्यादा ३ सेकंद केली. बदल चार दिवसांपूर्वी गेला. या चार दिवसांत चार ते पाच या तासात रो लॉकचे थांबे होतात, पण त्यांची सरासरी ४ मिलिसेकंद आहे, आणि सेकंदाच्या वर गेलेला एकही नाही. फोन थांबले.

अहवालाच्या प्लॅनमध्ये पहिलीच तफावत हालचालींच्या टेबलावर होती : अंदाज १, प्रत्यक्ष ओळी ६ लाखांहून अधिक. एकच ओळ येईल असे समजून ऑप्टिमायझरने नेस्टेड लूप निवडला होता आणि त्या प्रत्येक ओळीसाठी इंडेक्समधून साठ्याच्या टेबलाकडे फेरी होत होती. स्टॅटिस्टिक्स (टेबलातील माहितीचा गोषवारा, ज्यावरून अंदाज बांधला जातो) पाच आठवड्यांपूर्वीचे होते आणि क्वेरी मागते आजची तारीख, जी त्यांच्या दृष्टीने नोंदलेल्या कमाल तारखेच्या बरीच पलीकडे आहे. स्टॅटिस्टिक्स नव्याने घेतल्यावर हॅश जॉइन (ओळीगणिक फेरी न मारता दोन टेबले जोडण्याची पद्धत) आला आणि चारही जॉब मिळून अहवाल अकरा मिनिटांत संपला. रात्री आपोआप स्टॅटिस्टिक्स घेणारे काम त्या टेबलासाठी कोणीतरी लॉक करून ठेवले होते. ते का केले होते, हे शोधून मगच कायमचे उघडणार आहे.

रात्रपाळी

उघडण्याआधी एक करा. तुमच्या आधीच्या त्या तासांचे एडब्ल्यूआर स्नॅपशॉट मूळ सेटिंगप्रमाणे आठ दिवसच टिकतात. डीबीएमएस_वर्कलोड_रिपॉझिटरीमधील क्रिएट_बेसलाइन वापरून बदलाच्या आधीचा एक तास आणि नंतरचा एक तास राखून ठेवा. वेबसेवेची मर्यादा उद्या कोणी पुन्हा वाढवली, तर तुलना करायला ते दोन तास हाताशी लागतील.

सायंतारा

दोन्ही तास आत्ताच राखून ठेवले. जुन्या तासाचे स्नॅपशॉट पुसले जायला दोनच दिवस उरले होते.